अरुंधती आणि मिठाची बरणी

बाई, परवा सकाळी मी चहा ओतताना कपात बोट बुडवलं. मुद्दाम. कप कुठवर भरला ते डोळ्यांना नीट सांगता येईना, म्हणून बोटाला विचारलं. चटका बसला आणि एकदम तुमचं पौडचं स्वयंपाकघर समोर आलं. रविवारची सकाळ आहे, मी नववीतली, दोन घट्ट वेण्या घातलेली, पाटावर बसून तुम्हाला आठवीचे संस्कृतचे पेपर वाचून दाखवते आहे. तुम्ही ऐकून मार्क सांगताय, आणि मध्येच कपाच्या कडेवरून तर्जनी आत सोडून माझा चहा ओतताय. मला त्या चहाची किळस यायची. घरी जाऊन आईला सांगितलंही होतं, बाईंचा चहा म्हणजे बोटाचा काढा असतो. आई म्हणाली, पी मुकाट्याने, त्यातून विद्या उतरत असेल. विद्या किती उतरली ते तुम्हीच ठरवा. बोट मात्र तंतोतंत उतरलं.

तुम्ही मला मारलं कधीच नाही, पण एकदा असं बोललात की मार बरा. तुमचा ओटा मी कौतुकाने आवरला होता, बरण्या पुसून उंचीप्रमाणे ओळीत लावल्या होत्या. तुम्ही आमटीत मीठ घालायला हात नेलात आणि साखर घातलीत. साखर तुम्हाला वर्ज्य. चव घेतलीत, पळी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "माझ्या घरात वस्तू हलवायची नाही. पुस्तकातली अक्षरं हलवशील का आपल्या सोयीने?" मी रडत घरी गेले. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत असे की आमच्या बाई विद्वान होत्या पण ओट्याच्या बाबतीत जरा विक्षिप्त. तुम्ही गेल्यावर तुमच्या पुतणीने तुमच्या दोन बरण्या मला आणून दिल्या, मिठाची आणि साखरेची. मिठाच्या बरणीच्या गळ्याला एक मळका दोरा गुंडाळलेला होता, त्या आमटीनंतर कधीतरी बांधलेला असणार. मी तो कात्रीने कापून टाकला आणि बरणी स्वच्छ घासली. आता त्याच बरणीला माझा दोरा आहे, लाल, कुणाच्याशा लग्नातल्या कंकणाचा उरलेला. तुमच्यापेक्षा जरा नटवा, पण काम तेच करतो.

तर तुमचा आजार मला लागला आहे. रक्ताचं नातं नसताना वारसा मिळतो तो असा. तुम्ही शाळेच्या पगारावर गोड खाल्लं असेल तेवढं असेल. मी देवाच्या कृपेवर खाल्लं. सत्यनारायणाचा शिरा नको म्हणणारी पुरोहित कुणी पाहिली आहे? यजमानीणबाई तुपाचा डोंगर पानावर उभा करते आणि "गुरुजी, प्रसादाला नाही म्हणायचं नसतं" असं मलाच शास्त्र शिकवते. हो, मला सगळे गुरुजीच म्हणतात. बाईमाणसाला काय म्हणायचं हा विचार करायला लग्नाच्या गर्दीत वेळ कोणाकडे असतो? धरणाकाठी रिसॉर्टं झाली, शहरातली लग्नं इकडे यायला लागली, तेव्हा मी इथे मुळशीत एका शेतकरी घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेकड्यांनी लग्नं लावली. स्वतःचं तेवढं राहिलं. भाऊ बंगळूरला असतो, फोनवर "काळजी घे" म्हणतो.

डोळ्यांचं सुरू झालं ते पंचांगात. तुम्ही म्हणायचात, शिरोरेषा सरळ मार, अक्षरांना छप्पर असतं ते. बाई, माझ्या छपराला पोक आलं. ओळ सरळ चालत असते आणि बरोबर मी बघते तिथेच वाकते, जणू कुणी खालून बोटाने ढकललंय. शिवाय डाव्या डोळ्यात काळे ठिपके तरंगायला लागले. जिथे नको तिथे अनुस्वार. तुम्ही लाल पेनाने सगळे खोडले असते. तपासणीला गेले तर डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. म्हणाला, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे, आत थोडं रक्त उतरलंय, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, एकदा नाही, दर महिन्याला काही काळ. थांबलात तर गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. आणि मग, जाता जाता, "एकट्या येऊ नका हं. सोबत कोणीतरी लागेल."

सुईची भीती नाही वाटली. त्या शेवटच्या वाक्याने मात्र मी अडले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं असतं तर त्या हातातलं खुरपं टाकून आल्या असत्या. पण त्यांच्याच भावकीत मी लग्नाच्या तिथी काढून देते. गुरुजीबाईंना पंचांग दिसत नाही, ही बातमी त्यांच्या अंगणातून निघाली की संध्याकाळपर्यंत धरणाला वळसा घालून आली असती. मग कोण विचारणार मला? म्हणून मी रुग्णालयाला दर वेळी कुठली तरी लग्नतिथी सांगत राहिले. दुसऱ्यांचे मुहूर्त काढणाऱ्या बाईला स्वतःचा मुहूर्त सापडेना. आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही मला पेपर वाचायला का बोलवत होतात, दर रविवारी, एकटीलाच, दार ओढून घेऊन. शाळेला कळलं असतं तर तुमचा वर्ग गेला असता. "उच्चार सुधारतील तुझे," असं तुम्ही म्हणायचात. ते सुधारले, हे खरंच आहे.

तुम्ही आम्हाला अरुंधती दाखवली होतीत ती संध्याकाळ आठवते? उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, शाळेच्या मैदानावर. लहान वस्तू दाखवायची असेल तर आधी तिच्याजवळची मोठी दाखवावी, हा अरुंधतीन्याय शिकवताना तुम्ही म्हणालात, पुस्तकात कशाला, वर बघा. विहिरीकडे पाठ करून उभ्या राहिलात आणि सरळ बोट केलंत. "सप्तर्षी दिसले? शेपटीतला मधला तो वसिष्ठ. त्याला चिकटून काय आहे ते मला सांगा." आम्ही ओरडलो, बारीक चांदणी आहे. "कुठल्या बाजूला? केवढी? स्थिर आहे की लुकलुकते?" आम्हाला वाटलं तुम्ही परीक्षा घेताय. एकीने घाबरत विचारलं, अरुंधती दिसली नाही तर माणूस वर्षात मरतं असं आजी म्हणते, खरं का? तुम्ही हसलात. "आजीच्या वेळी चष्मे नव्हते. दिसली नाही तर चष्मा कर. आणि लग्न करणार असशील तर आधी चष्मा, मग नवरा बघ." बाई, तुम्हाला त्या संध्याकाळी वर काय दिसत होतं? आता मला वाटतं, काहीच नाही. विहीर पाठीमागे असली की उत्तर कुठे, एवढं तुम्हाला पाठ होतं, आणि बाकीचं आकाश तुम्ही आमच्याकडून वदवून घेत होतात. तुमचं निभावलं. तुमच्या वेळी वर ड्रोन नव्हते.

माझ्या वेळी होता. गेल्या वैशाखातलं लग्न, पाण्याला लागून हिरवळ, संध्याकाळ मावळलेली. ध्रुव आणि अरुंधती दाखवायचा विधी हल्ली लोकांना फार आवडतो, फोटो चांगले येतात. कार्यक्रम सांभाळणारी मुलगी मला बजावून गेली होती, "गुरुजी, स्टार्सचा सीन जेवणाआधी घेऊ. ड्रोन वर असेल. तुम्ही फक्त कॉन्फिडन्टली पॉइंट करा." कॉन्फिडन्सची कमतरता मला कधीच नव्हती. नवरा-नवरीला घेऊन उत्तरेकडे तोंड केलं, वर बघितलं. सगळीकडे पातळ पिठलं. त्यात एक ठिपका मात्र स्वच्छ, टपोरा. मी मनातून हरखले. बोट केलं आणि आवाज लावला, "तो वसिष्ठ, आणि त्याच्या शेजारची ती अरुंधती. तिच्यासारखी स्थिर राहा."

मग नवरदेव म्हणाला, "गुरुजी, पण ती चाललीये कुठेतरी."

खरंच चालली होती. हिरवा दिवा मिचकावत आमच्या डोक्यावरून मांडवाकडे. मी म्हटलं, "वसिष्ठांशी वाजलं असेल आज." हशा पिकला, टाळ्या पडल्या, कोणीतरी "गुरुजी एक नंबर" म्हणालं. दक्षिणा देताना वरबापांनी विनोदाचं वेगळं कौतुक केलं. मीही हसले, चांगली हसले. फक्त परत मांडवाकडे जाताना नवरीने शालूचा घोळ सावरत माझं कोपर धरलं. दिवसभर मला गुरुजी म्हणत होती ती मुलगी. हळूच म्हणाली, "काकू, पायरी आहे."

त्या तीन शब्दांनी माझं सगळं सोंग उतरलं. दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयाला फोन केला आणि मिळाली ती तारीख घेतली.

गेले एकटीच, पौडहून बसने. बसवरचा नंबर वाचता येईना, तर कंडक्टरला विचारलं; तो म्हणाला, "मावशी, एवढा मोठा लिवलाय की." तिथे गेल्यावर एका परिचारिकेने डोळ्यात थेंब घातले आणि विचारलं, "सोबत कोण आहे?" परत पाठवतील या भीतीने तोंडातून निघून गेलं, "बाई आहेत. येतायत मागून." ती म्हणाली, "बाहेरच्या बाकावर बसायला सांगा त्यांना." मी म्हटलं, सांगते. सुई टोचत नाही, दाबल्यासारखं होतं फक्त, आणि मग डोळ्यात शाईचा थेंब पाण्यात सुटावा तसं काहीतरी सुटतं. मी मनात शब्दरूपं चालवत होते; अरुंधतीचीच, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही शिकवलेलं भीतीच्या वेळी फार उपयोगी पडतं, परीक्षेत तेवढं पडलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, "बाई कुठायत?" मी म्हटलं, "रिक्षा बघायला गेल्यात." बाई, तुम्ही आयुष्यात कधी माझ्यासाठी रिक्षा बघितली नव्हती.

घरी आले तर वहिनी अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या. पट्टी बघून सूप खाली ठेवलं. "आगं बया, ह्ये काय? कोन गेलं व्हतं संगं?"

खोट्याला एकदा घर मिळालं की ते हलत नाही. "बाई होत्या माझ्या. शाळेतल्या."

"आजून हायेत त्या? लई वय झालं आसंल."

"बरंच झालंय."

"आन् त्यास्नी तशीच परस्पर लावून दिली व्हय? शिकली सवरली तुमी, पर रीत न्हाई तुमास्नी. पुढल्या येळंला हितं घिऊन या. जेवून जातील. तांदळाची भाकरी चालती का? का दात न्हाईत?"

"चालते," मी म्हटलं. "दात आहेत."

"आनखी काय लागतं त्यास्नी?"

मला थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडून आलं, "काही नाही. मिठाची बरणी तेवढी जागची हलवायची नाही. त्यांना दिसत नाही नीट."

वहिनींचा चेहरा मला दिसला नाही. मी ज्याच्याकडे बघते तेच नेमकं वाकतं. सूप पुन्हा हलायला लागल्याचा आवाज तेवढा आला. "बरं," त्या म्हणाल्या. "पुढली तारीक कवा हाय ती सांगा मला. म्या बी येती. बाईस्नी गाडीत पुढं बसवू, आपुन दोगी मागं." आणि मी जिना चढायला लागले तेव्हा पाठीमागून, तांदळातून मान वर न काढता, "ताई, तिसरी पायरी खचलीया."

तेव्हापासून मी विचार करते आहे, त्यांना काय कळलं असेल. उद्या खाली जाऊन सांगणार आहे की गाडीत पुढची जागा रिकामी राहील. हे पत्र कुठे टाकायचं नाही, बाई. ओळी बहुतेक एकमेकींवर चढल्या असतील, तुम्ही अक्षराचे मार्क कापले असते. एवढंच सांगायचं राहिलं होतं. पट्टी बांधून मी बाहेर आले, तेव्हा खोटं माझंच आहे हे पुरतं ठाऊक असूनही, उरलेल्या एका डोळ्याने मी त्या बाकावर तुम्हाला शोधलं.