चार बोटं माया

मामा, ती लाल गाडी परत आली. तुम्हाला आठवत असेल असं धरून चालते, कारण लातूरला आल्यावर तुम्ही शिवलेला पहिला मोठा कापडी हूड तिचाच होता. वकीलसाहेबांची दोनच माणसं बसतील अशी विलायती गाडी, छप्पर मागं दुमडून ठेवता येणारी. सगळी गल्ली तिला बोडकी गाडी म्हणायची. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी नांदेडला डॉक्टर आहे, तिनं गाडी टेम्पोत चढवून माझ्याकडं आणली. हूड जागोजागी चिरलेला, मागची प्लास्टिकची खिडकी हळदीसारखी पिवळी. म्हणाली, "बाबा सांगून गेलेत, हूड बदलायचा तर त्याच दुकानात." मग इकडं तिकडं बघून मलाच विचारते, "मिस्त्री कुठं आहेत?" मी म्हटलं, "तुमच्यापुढं उभ्या आहेत." बिचारी ओशाळली.

नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नांदेडचं चांगलं चालणारं दुकान उचलून लातूरला आणलंत. तुमचं गणित सरळ होतं. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, हापिसं म्हणजे जीपा, आणि जीप म्हटली की हूड आणि सीटा. सासूबाई म्हणायच्या, "गोदावरी सोडून कोरड्या गावात आणलं. पानी काय हापिसातनं आणताव का?" त्यांचं खरं झालं. पहिल्याच उन्हाळ्यात आड आटले, विहारासमोर टँकर यायचा तो चार चार दिवसांनी. मी लोह्याहून लग्न होऊन आलेले, वर्षही झालं नव्हतं. तुमचा मुलगा एसटीत कंडक्टर, सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. म्हणून तुम्ही मला मशीनवर बसवलंत. सून गाड्यांच्या सीटा शिवते म्हणून लोक नावं ठेवायचे. तुम्ही म्हणायचा, "मशीनीला काय कळतंय, बाई हाय का गडी."

शिकवताना मात्र तुम्ही कुणाचे सासरे नव्हता. एकदा जीपच्या सीटची शिलाई तिरपी गेली आणि मी दोऱ्यावर ढकललं, दोरा कच्चा आहे म्हणून. तुम्ही तो बोटाला गुंडाळून ओढलात, तुटला नाही. मग हळूच म्हणालात, "टाका चुकला तर उसवता येतो, सूनबाई. खोटं बोललं तर ते कुठनं उसवायचं?" ओरडला असतात तर परवडलं असतं. त्यानंतर तुमच्यापुढं चुकायची भीती गेली आणि खोटं बोलायची बसली. आणि दोन महिन्यांत मी तेच केलं.

वकीलसाहेब अहमदपूरहून नव्या जिल्ह्याच्या कोर्टात आले होते. पहिल्या दिवशी नव्या हुडाच्या गाडीतून जायचं, एवढीच त्यांची हौस, आणि हातात दिवस चार. हैदराबादहून जाड सुती कॅनव्हास आला. तुम्ही दोन घागरी पाणी वेगळं काढून ठेवलंत, घरात कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिलीत. मला म्हणालात, "कापड आधी पान्यातनं काढ. न्हाईतर पावसात आटतंय, अन् हूड काचेपस्तोर पुरत न्हाई." आणि हूड ठोकायच्या रिबिटा आणायला बाजारात गेलात. सासूबाई टँकरच्या रांगेत. घरात मी, दोन घागरी आणि सतरा दिवस न धुतलेलं माझं डोकं. दुसऱ्या दिवशी माहेरी मावसबहिणीचं लग्न. मामा, मी न्हाले. एका घागरीनं भागलं असतं, पण मी दोन्ही रिकाम्या केल्या, शिकेकाई लावून, सावकाश. आज लिहिताना हसू येतंय.

तुम्ही येता. मी मशीनवर बसलेय, डोक्यावरून पदर घट्ट आवळलेला, कापड समोर घडी घालून ठेवलेलं. तुम्ही विचारता, "काढलं का पान्यातनं?" मी म्हणते, "हाव, मामा. उन्हात लगीच वाळलं." तुम्ही कापडाच्या कडेवरून अंगठा फिरवता, माझ्याकडं बघत नाही. कात्री उचलता आणि म्हणता, "तू जा लोह्याला. ह्याची शिलाई मी करतो." मला वाटलं, सुटले.

पाऊस त्या साली उशिरा आला, पण आला तो दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांचा माणूस दारात. हूड आखडलाय, पुढची कडी लागत नाही, साहेब तापलेत. नव्या गावात तुमचं नाव व्हायचं ते या एका कामावर, आणि ते मी माझ्या केसांवर ओतून मोकळी झाले होते. तुम्ही सुई, दोरा आणि मेणाचा गोळा पिशवीत टाकलात आणि एकटेच गेलात. मी दिवसभर चुलीपुढं बसून काय सांगायचं ते जुळवत होते. संध्याकाळी तुम्ही आलात, हात धुतलेत, म्हणालात, "कडी वाकली व्हती. झालं नीट." आणि भाकरी मागितलीत. पुढं जीपांची रांग लागली. त्यानंतर कापड पाण्यातून काढायचं काम मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नाही, स्वतःच करायचा. बारा वर्षं तुमच्या शेजारी बसून शिवलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही घागर उचललीत की माझा जीव खालीवर व्हायचा. मामांना कळलं असेल का? आज सांगावं का? उद्या सांगू.

आपल्याकडं नव्या हुडाचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, जुना हूड उसवून काढतात, ही तुमचीच शिकवण. परवा सकाळी मी तो हूड सांगाड्यावरून उतरवला, फरशीवर पसरला आणि ब्लेड घेऊन कड उसवायला बसले. शिलाईच्या आत दुमडून ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो, आणि तुमचा नियम एक बोट मायेचा. मी दीड बोट सोडली तरी म्हणायचा, "एवढी माया कुणावर करून राहिलीस?" इथं मी उसवत गेले तर आत चांगली दोन बोटं कापड निघालं. आणि बाहेरच्या अंगाला, कडेपासून आणखी दोन बोटांवर, सुईच्या भोकांची एक सरळ ओळ, एकेक भोक मेणानं बुजवलेलं. म्हणजे पहिली शिलाई तिथं होती. तुम्ही हूड शिवतानाच चार बोटं माया ठेवली होती, आणि पावसानंतर जाऊन त्यातली दोन मोकळी केली होती. मी चारी बाजू उसवून बघितल्या. सगळीकडं तेच.

चार बोटं तुम्ही कुणाच्या कामात सोडली नाहीत. तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. न कळायला काय झालं, वैशाखाच्या उन्हात माझ्या पदरातून पाणी ठिबकत होतं आणि कापड कोरडं ठणठणीत. पण सुनेच्या न्हाण्याचा विषय सासऱ्यानं काढायचा कसा? चोरी माझ्या डोक्यावर दिसत होती आणि तिकडं बघायचीच तुम्हाला चोरी. सासूबाईंना सांगितलं असतंत तर त्यांनी गल्ली गोळा केली असती. आणि कापडासाठी परत दोन घागरी त्या दिवसांत कुठून आणणार? तुम्ही कात्री घेतलीत आणि गुपचूप कापड वाढवलंत. मी शटर अर्धं ओढून फरशीवर बसले आणि आधी पोटभर हसले, मग रडले. मामा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. इतकी वर्षं मी तुम्हाला फसवलं या ओझ्याखाली होते, आणि तुम्ही तर फसलाच नव्हता.

नवा हूड काल चढवला. आताचं कापड पावसाला दाद देत नाही, आटत नाही, एक बोट पुरली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः कडी लावून बघितली, दोनदा उघडझाप केली आणि छप्पर मागं टाकून नांदेडच्या रस्त्याला लागल्या.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुमच्या मुलाला दाखवलं तर रिटायर होऊन बसलेला माणूस, मरेपर्यंत चिडवेल. वहीतच राहू दे. फक्त एक कबूल करते. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खूप रडले, मनापासून रडले. पण रडता रडता एकदा मनात आलं होतं, चला, आता मला कुणी विचारणार नाही. त्याची लाज आजपर्यंत पुरली. तुम्ही तर कधी विचारणारच नव्हता.