देवावर रागवायचा सीन

३ मार्च, सकाळ
मोठी बातमी! गेली कित्येक वर्षं मी मालिकांमध्ये ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येऊन 'सॉरी' म्हणणारा डॉक्टर आहे. आता बाप झालो. मालिकेत पूल कोसळतो, माझी मुलगी जाते आणि मी देवाला जाब विचारतो. सलग दीड पान संवाद. शूटिंग बारा तारखेला. ठरवलं : रोज पहाटे उठून राग वाढवायचा. सोपं आहे. देवावर माझा विश्वास नाहीच.

४ मार्च
जाग उशिरा आली. त्याचा राग आला. म्हणजे सुरुवात चांगली.

७ मार्च
बायकोसमोर तालीम. खुर्चीवर उशी ठेवली, तिलाच देव मानलं. 'बोल, काय चुकलं होतं माझ्या लेकीचं?' बायको इस्त्री करत होती. म्हणाली, अहो, गॅसवाल्याशी बोलल्यासारखं वाटतंय. खोटं. गॅसवाल्याशी मी याहून चढ्या आवाजात बोलतो. कलेतलं तिला काही कळत नाही.

१२ मार्च, दुपार
सेटवर देवच नाही! समोर नुसता हिरवा पडदा. देव नंतर कॉम्प्युटरवर टाकणार म्हणे. दिग्दर्शक वयाने माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, काका, पडद्याकडे बघा आणि पेटा. पेटलो. पहिल्याच वाक्याला हात आपोआप जोडले गेले. कट. मग हात खिशात घातले. ते बाहेर येऊन जोडले गेले. कट. मग हात पाठीमागे बांधले, तर मान झुकली. दिग्दर्शक म्हणाला, काका, भांडायचंय, रजा मागायची नाहीये. उद्या पुन्हा.

चूक पडद्याची. फारच समोर होता. उद्याचा शॉट नीट व्हावा म्हणून मनातल्या मनात देवाला विनंती केली. तात्त्विक विरोध कायम आहे.

१२ मार्च, संध्याकाळ
हातांचा किस्सा बायकोला सांगितला. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, आपलं बाळ गेलं तेव्हाही तुम्ही असेच हात जोडले होते. डॉक्टर बाहेर येऊन सॉरी म्हणाले आणि तुम्ही त्यांना थँक्यू म्हणालात. मी म्हटलं, मला नाही आठवत. ती म्हणाली, मला स्ट्रेचरवरून दिसत होतं.

जेवायला बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला. दुःखाचा इतका अस्सल साठा घरात असताना मी उशीशी भांडत बसलो! उद्या तोच वापरणार. एका टेकमध्ये ओके.

१३ मार्च
वापरला. तोंडातून शब्दच फुटेना. पडद्याकडे नुसता बघत राहिलो. हात मात्र जोडले नाहीत, ही प्रगती. मग नाक गळायला लागलं. मेकअपवाली टिश्यू घेऊन आली. तिला थँक्यू म्हणालो आणि त्यानंतर काही आवरेना. दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, तुम्ही घरी जा, आम्ही बघतो काहीतरी. बहुधा भारावला असावा.

२० मार्च
आज टीव्हीवर सीन दाखवला. बायकोला आग्रहाने शेजारी बसवलं. पडद्यावर फक्त पाठ. तीही माझी नाही, लाइटवाल्याची. माझा शर्ट त्याला खांद्यात घट्ट होत होता. आवाज दुसऱ्याच कोणाचा, चांगला भारदस्त. देव मात्र सुरेख टाकला होता. तो आवाज मुलीला नावाने हाका मारत होता. पुन्हा पुन्हा.

मी म्हटलं, निदान शर्ट तरी ओळखू येतो.

बायको पडद्याकडेच बघत होती. जाहिराती लागल्यावर म्हणाली, अहो, आपण तर आपल्या मुलीचं नावही ठेवलं नव्हतं.

टीव्ही बंद करायला उठलो. रिमोट हातातच होता. एखादं नाव सुचवावं म्हणून उभा राहिलो. इतक्या मालिका केल्या, एक नाव आठवेना. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.