बिनश्वासाचं गाणं

४ जून, मंगळवार

आले एकदाची! ताईच्या दोन खोल्यांत माझी ट्रंक मावली, मी मावले, शिवाय ताईनं कपाटाचा अर्धा कप्पाही मोकळा करून दिला. अर्धाच. म्हणाली, तुझी शिस्त मला ठाऊक आहे, पूर्ण दिला तर माझे कपडेसुद्धा रंगाप्रमाणे लावत बसशील. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. वेणी घालण्यापासून फी भरण्यापर्यंत सगळं हिनंच केलं, त्यामुळे तिची टिंगल मी निमूट ऐकून घेते.

उद्यापासून नोकरी. रेकॉर्डिंग स्टुडिओत आवाज साफ करायचे. गाताना कुणी खोकतं, कुणाच्या बांगड्या वाजतात, खुर्ची करकरते. ते सगळं कॉम्प्युटरवर शोधून कापून टाकायचं. लोक घर झाडतात, मी गाणी झाडणार. आणि पहिलंच गाणं कुणाचं? आमच्या ताईचं! कित्येक वर्षं कोरसच्या मागच्या रांगेत उभं राहून नुसतं ‘आ आ’ केल्यावर तिला अख्खं गाणं मिळालंय. तेही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सिनेमाचं, आणि पोस्टरवर नाव येणार आहे. शेजारीणबाईंनी तर येताजाता तिची दृष्ट काढायचंच बाकी ठेवलंय. फार गोड बाई आहेत. मी सामान चढवताना एक पिशवी त्यांनीच उचलली.

६ जून, गुरुवार

आज रेकॉर्डिंग झालं. काचेच्या अलीकडे मी, संगीतकार सर आणि रेकॉर्डिंग करणारे काका. पलीकडे ताई, कानाला हेडफोन, समोर माइक. अंगावर काटा आला माझ्या. घरी पातेलं घासताना गुणगुणणारी ही बाई अशी गाते, हे मला इतकी वर्षं कळलं कसं नाही?

सिनेमा एका अमर योद्ध्याचा आहे आणि हे गाणं त्याच्या तोंडी नाही, त्याच्या आत वाजतं म्हणे. सर मोठे गमतीशीर बोलतात. मला म्हणाले, की बाकी कचरा काढशीलच, पण मला या गाण्यात एकही श्वास नको. दोन ओळींच्या मध्ये गायक जो श्वास ओढतो, तो प्रत्येक श्वास काप. जो मरतच नाही तो श्वास कशाला घेईल? आणि ऐकणाऱ्यालाही उसंत मिळता कामा नये.

काकांनी तोंड वाकडं केलं. पण ते सकाळपासून प्रत्येकच गोष्टीला तोंड वाकडं करत होते, चहालाही.

८ जून, शनिवार

झालं! दोन दिवस मान मोडून बसले. पडद्यावर शब्द फुगीर दिसतात आणि श्वास म्हणजे मधे चिकटलेला नुसता कापसाचा धागा. धरायचा, कापायचा, पुढची ओळ जवळ ओढायची. बारीकातला बारीकसुद्धा सोडला नाही. ऐकलं तर काय, गाणं सुसाट! कुठं जोडच सापडत नाही. सरांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मीही चढले.

कॉम्प्युटरात जागा उरली नाही म्हणून काका करवादले, तेव्हा मूळचं रेकॉर्डिंग आणि कापलेले श्वास सगळं पुसून टाकलं. टेबल कसं लख्ख झालं. पसारा मला बघवत नाही.

१२ जून, बुधवार

काल गाण्याची झलक बाहेर आली, आणि आज जो तो तेच लावतोय. पानवाला, रिक्षावाला, वरच्या मजल्यावरचा कॉलेजकुमार. शेजारीणबाईंनी तर दार उघडं टाकून लावलं, ताईला ऐकू जावं म्हणून. ताई भाजी चिरत होती. लाजली, हसली, आणि हसता हसता गप्प झाली.

मला वाटलं ऐकतेय. मग तिच्या हातातली सुरी खाली पडली. चेहरा निळसर. छाती हलतच नव्हती. मी पाठीवर थापट्या मारल्या, ठसका लागला असेल म्हणून. काही नाही. पलीकडे गाणं संपलं आणि तिनं बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा श्वास ओढला.

म्हणते, उगाच बाऊ करू नकोस बारके, दगदग झालीय.

१४ जून, शुक्रवार

डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ, हृदय ठणठणीत, मनावर ताण आहे म्हणाले. त्यांच्यासमोरच तिचा श्वास दोनदा थांबला. तिथं कुणी गाणं लावलं नव्हतं, त्यामुळे मला हायसं वाटलं, गाण्यावरचा माझा संशय खुळाच ठरला म्हणून. बाहेर आले, तर समोरच्या दुकानात गाणं नुकतंच संपत होतं.

घरी येऊन मी दार-खिडक्या लावल्या, माझा फोन घेऊन गल्लीच्या टोकाला पार मैदानाशी गेले, आणि एकदा गाणं लावलं. परत आले तेव्हा ताई भिंतीला धरून बसली होती. आत्ताच जीव कोंडला होता, म्हणाली.

गाणं कुठंही वाजू दे. जितका वेळ ते वाजतं, तितका वेळ माझ्या ताईला श्वास नाही. मी कापलेत ते. माझ्या हातानं.

१५ जून, शनिवार

सरांचे पाय धरायचे बाकी ठेवले. आधी हसले, मग चिडले. शेवटी समजुतीनं म्हणाले, की अगं, तुझ्या बहिणीचं नशीब उघडतंय आणि तू त्याला खीळ घालतेस? सिनेमा शुक्रवारी सगळीकडे लागतोय, आता गाणं मागं घ्यायचं म्हणजे काय पोरखेळ आहे का?

ताईला खरं ते सांगितलं. वाटलं होतं घाबरेल, मला शिव्या घालेल. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, दमले आहे मी, दुसरं काही नाही. आणि असलं तरी ते गाणं काढायचं नाही हं. मागच्या रांगेत पुन्हा नाही उभी राहायची मी. बोलताना मधेच थांबली. बाहेर कुणीतरी गाडीत लावलं होतं.

मला तिचा राग आला, इतका की रडूच फुटलं.

१७ जून, सोमवार

तिचे श्वास परत घालायचे म्हटलं तर आहेत कुठं? मीच पुसलेत. लख्ख.

काका जेवायला गेल्यावर मी माइकसमोर उभी राहिले आणि स्वतःचे श्वास रेकॉर्ड केले. लांब, आखूड, वरच्या सुराआधीचा खोल. ड्रमच्या ठोक्याखाली लपवत दर दोन ओळींच्या मधे बसवले. काका परत आले. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे बघितलं. स्वतःच ती फाइल सगळीकडे पाठवली. झलकेच्या जागी आणि थिएटरांसाठीही.

१९ जून, बुधवार

जीव भांड्यात पडला! शेजारीणबाई सकाळपासून गाणं लावतायत आणि आमची ताई पाय पसरून दोनदा चहा प्यायली. वाटेल तितकं बोलली, मला चिडवलं, भांडलीसुद्धा. गाणं चालू असताना तिच्या छातीवर कान ठेवला. श्वास चालतो. फक्त माझ्या श्वासाबरोबर चालतो. मी घेतला की ती घेते.

असू दे. पुरतो दोघींना.

२० जून, गुरुवार

दुपारी सरांचा फोन. एकदम लाडात. म्हणाले, घाईत तुझ्याकडून चुकीची फाइल गेली वाटतं. मी चित्रपटगृहात बसून तपासत होतो, तर गाण्यात कुणीतरी श्वास घेतंय. घाबरू नकोस, ओरडणार नाही. मी स्वतः बसून एकेक काढलाय, काल रात्रीच सगळ्या थिएटरांना रवाना केलं, आणि फोनवर वाजतं तेही संध्याकाळपर्यंत बदलेल.

मी किंचाळले असते. म्हटलं, सर, ते श्वास— आणि पुढं बोलताच येईना. त्यांच्या खोलीत मागे गाणं वाजत होतं.

माझे होते ते.

स्टुडिओ बंद. काका फोन उचलत नाहीत. सर म्हणे उद्याच्या पहिल्या खेळासाठी गावाबाहेर गेले. ताईला सांगितलं नाही अजून. ती उद्या घालायचे कपडे इस्त्री करतेय.

संध्याकाळ. बदललं. दोघी एकदमच थांबलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आता पटलंय. माझा हात सोडत नाही.

२१ जून, शुक्रवार

पहिला खेळ सुरू झाला असणार. मधे मधे लिहिते. मिळेल तेव्हा.

ताई म्हणाली, काढून टाक गं ते गाणं, नको मला नाव. एवढंच बोलता आलं. कुणाला सांगू. सरांना निरोप ठेवला. डॉक्टरांना फोन केला, हॅलो म्हणेपर्यंत—

इथं संपतं तोवर तिकडे सुरू. एका थिएटरात संपलं की दुसऱ्यात. मधली फट लहान होत चाललीय. दार उघडून खाली जायचं म्हटलं तर जिन्यापर्यंत—

ताईचे ओठ. आणखी निळे. फट आली की मी आधी मोठा श्वास घेते, मी घेतला तर तिला मिळतो. खोल घ्यायचा. तिच्या वाटचा.

आता घेतला. तिनं घेतला. रडतेय, माझी वेणी कुरवाळतेय. नको रडू ताई, श्वास जातो त्यात

परत

— — आता आला. छोटा

दारावर थाप. शेजारीणबाई. बऱ्याच जणी आहेत बरोबर, हसतायत. सिनेमा बघून थेट इकडेच आल्यात. बाहेरून सांगतायत, की थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. दार उघड म्हणतायत. कुणाचा तरी मोठा स्पीकर आणलाय. आपल्या ताईला ऐकवायचं, सगळ्या जणी मिळून, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून

ओरडायला — बाई, नका — श्वासच

ताईनं माझा हात घट्ट धर