फितीवरचा पाचवा अध्याय

१२ जुलै १९६५

मोऱ्याला सोडायचा नाही. लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या राग उतरला तर इथं वाचून पुन्हा चढवता येईल.

गावाला तो मोरोपंत असेल, माझा शिष्य तो मोऱ्याच. नऊ वर्षं माझ्या पंगतीला जेवला. रुद्राचा एकेक अध्याय मी छडी हातात घेऊन त्याच्याकडून घोटून घेतला. आणि आता देवळात अभिषेकाला माझ्या शेजारी बसून माझ्यावरच आवाज चढवतो! पाचवा अध्याय आला की मधेच घुसतो आणि मला दाबून पुढं रेटतो. गेल्या श्रावणात चारही सोमवार हेच. काल प्रदोषाला पुन्हा तेच. पंच भगवंतराव मलाच विचारतात, "शास्त्रीबुवा, तुमी दोघं काहून भांडून राहिले पिंडीपुढं?" दोघं म्हणे! अमरावतीत चाळीस वर्षं पोथी न उघडता म्हणतो आहे मी.

पुरावा पाहिजे. सिंधू सांगत होती, तिच्या शाळेत आवाज धरून ठेवणारं यंत्र आणलं होतं. टेपरेकॉर्डर. बोललेलं जसंच्या तसं परत ऐकवतं. पोरीला म्हटलं, असंच एक मला पाहिजे.

१५ जुलै

अकोल्याला जाऊन आलो. खुशालराव रेडिओवाल्याकडं दोन यंत्रं होती, दोन्ही वापरलेली. एक लहान, पण त्याची फीत अर्ध्या तासात संपते, मग चकती उलटवायची. आवर्तन चाललेलं असताना चकती कोण उलटवणार? दुसरं जर्मन, पेटीएवढं, हात तुटेल असं जड. पण चाल हळू ठेवली तर तासभर सलग धरतं. तेच घेतलं. "नाई पटलं त वापस आना," म्हणाला. माणूस सरळ वाटला.

छत्री तिथंच राहिली.

१८ जुलै

यंत्र बिघडलेलं आहे. घरी पाचवा अध्याय म्हणून पाहिला, सिंधू पोथी घेऊन ऐकायला बसली. मधेच म्हणाली, "बाबा, सतरा ते वीस आले नाहीत." फीत मागं फिरवून ऐकली. खरंच नाहीत. चार मंत्र गिळले! सोळाव्याला लागून एकविसावा. खुशालरावानं मला गंडवलं.

१९ जुलै

त्यानं सांगितलं होतं तसं फीत घासते तिथं स्पिरिटचा बोळा फिरवला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच चार गायब.

२२ जुलै

पेटी मांडीवर घेऊन पुन्हा अकोला. एस.टी.त पाय बधिर झाले. खुशालरावानं झाकण काढलं, पट्टा ताणून पाहिला, कोरी फीत लावली. म्हणाला, "बुवा, हे खाते त सारंच खाते. मधातले चार वेचून कसं खाईन?" मी भांडलो. शेवटी त्यानं तसलंच दुसरं दिलं, कुणा डॉक्टरांच्या घरचं. वर सांगितलं, मायक्रोफोनजवळ गजराचं घड्याळ ठेवा. यंत्र खात असलं तर टिकटिकही तुटेल.

छत्री आणायला विसरलो.

२५ जुलै

घड्याळ ठेवून म्हटलं. दुसऱ्या यंत्रानंही तेच चार खाल्ले. टिकटिक मात्र सलग. मी सिंधूला समजावलं — घड्याळाचा आवाज कडक, तो फितीला धरतो, माणसाचा मऊ. "हो बाबा," म्हणाली आणि पोथी बांधायला लागली. एरवी ही पोरगी एक गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करत नाही.

घरातल्या भिंती मातीच्या, आवाज पितात. देवळाच्या दगडात सगळं नीट येईल. आणि मला माझे मंत्र कुठं पाहिजेत? मोऱ्याचं घुसणं आलं की झालं.

२ ऑगस्ट

पहिला सोमवार वाया. आवाज धरायचं लाल बटण दाबायचं राहिलं. सिंधूची आई रमा म्हणते, मी दोनदा आठवण केली. केली नव्हती.

९ ऑगस्ट

सापडला! यंत्र देवळाच्या कोठीत, तार जाळीतून आत, मायक्रोफोन बेलाच्या टोपलीत. लाल बटण दाबलं, शिवाय तीनदा जाऊन पाहिलं. पाचव्या अध्यायात मोऱ्या ठरल्यासारखा घुसला. घूस लेका, म्हटलं मनात, घूस.

फीत ऐकलेली नाही. पंचांसमोरच पहिल्यांदा लावायची. नाहीतर म्हणतील, बुवांनी घरी काहीतरी करून आणली.

११ ऑगस्ट

जिंकलो.

भगवंतरावांच्या ओसरीवर सगळे पंच जमले. मी चकती चढवली. तेवढ्यात मोऱ्या उठला. तोंड पांढरंफटक. "फीत लावू नका," म्हणाला. "मीच मधे घुसतो. चूक माझी आहे."

भगवंतराव म्हणाले, "काहून घुसतं रे बाबू? गुरू हायेत ना तुये?"

 त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी परतवाड्याला मामांकडं जातो. देऊळ गुरुजींचं आहे."

फितीचं नुसतं नाव निघालं तर ही गत. पंचांनी जा म्हटलं. जाताना पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतला. नऊ वर्षांचं अन्न वसूल झालं. घरी येऊन रमेला शिरा करायला लावला, दोनदा मागून खाल्ला. सिंधू जेवायला उठली नाही.

१२ ऑगस्ट

घरात ऐकवावी म्हणून फीत लावली.

पाचवा अध्याय. सोळावा मंत्र माझ्या तोंडचा. त्याला लागून मी एकविसावा म्हणतो. तिथंच मोरोपंताचा आवाज चढतो आणि सतरावा धरतो. माझ्याच पट्टीत, मी शिकवला तिथंच श्वास घेऊन. विसावा होईपर्यंत मला झाकून ठेवतो. मग हळू होतो आणि पुन्हा मला पुढं सोडतो.

तीनदा ऐकलं. तीनही वेळा सिंधू माझ्याकडं न पाहता बसली होती.

परतवाड्याची पहिली गाडी सकाळी सहाला. मोरोपंताला परत आणायचं. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.