लागतं, असलं तर बरं

६ जानेवारी १९९२, सेलू
आलो एकदाचा! बियाणं तपासणीचं केंद्र, नवाकोरा कॉम्प्युटर, खिडकीतून उडत येणारा जिनिंगचा कापूस. वॉचमन लिंबाजीनं आल्याआल्या गुळाचा चहा पाजला. मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला चुडाव्याला माहेरी आहे. तिचे दिवस भरायच्या आत इथला प्रोग्राम चालू करून दिला, की आबासाहेब रजा देणार. ते इथले मुख्य, शब्दाचे पक्के वाटतात.

८ जानेवारी
प्रोग्राम विकतचा नाही. कुणीतरी लिहिला, फ्लॉपीवरून हातोहात फिरला, ज्यानं त्यानं सुधारून पुढं दिला. त्याला इतरांच्या लायब्रऱ्या जोडाव्या लागतात. लिंबाजीनं विचारलं, मग पुस्तकांचं कपाट कुठं ठेवायचं? तयार कोडच्या फायली असतात म्हटल्यावर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.
माझ्या आधीच्या नागनाथनं यादीचे दोन भाग केलेत: 'लागतं' आणि 'असलं तर बरं'. पहिल्यातलं एक जरी नसलं तरी प्रोग्राम अडतो, दुसऱ्यातल्यावाचून चालतो. पण पठ्ठ्यानं सगळंच 'लागतं'मध्ये कोंबलंय, आलेख काढणारी लायब्ररीसुद्धा! म्हणून तर गाडं अडलंय.

१७ जानेवारी
सोळा लायब्रऱ्या खालच्या यादीत नेल्या. पाठ मोडून आली. एक उरली, तिचं नाव 'नागनाथ'. उघडली तर रिकामी. तीही खाली नेली, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: नागनाथ नाही. मग कोण?
हा प्रश्न कोडात कुठंच नाही. वैतागून मोठ्यानं म्हणालो, बन्सीधर आहे ना! लगेच 'लागतं'खाली माझं नाव आलं. मीच टाइप केलं असेल. प्रोग्राम मात्र गुमान चालू झाला.

१८ जानेवारी
लिंबाजीला यादी वाचून दाखवली. 'लागतं' ऐकताच त्यानं कानांना हात लावले. म्हणाला, नागनाथलाबी लागलं व्हतं साहेब, खुर्चीत व्हता अन् मंग नव्हता. अरे, गरज वेगळी आणि बाहेरचं वेगळं! शब्द एक म्हणून काय झालं? हसलो, पण नंतर यादी पुन्हा उघडून बघितली.

२ फेब्रुवारी
तार आली. मुलगी झाली! रजाही मंजूर.
पिशवी घेऊन निघालो, दार ओलांडलं, आणि खुर्चीतच बसलेलो होतो. तीनदा. पिशवी बाहेर पडली आहे.
यादीतून माझं नाव पुसलं. बन्सीधर नाही. मग कोण? या वेळी तोंड घट्ट मिटून घेतलं. दुसऱ्या कुणाचं नाव कसं घेऊ? माझंच परत टाकलं.

९ फेब्रुवारी
आबासाहेब दारातून माझ्याकडंच बघत लिंबाजीला म्हणाले, न सांगता गेला बघ. ओरडलो. ऐकू गेलं नाही. भूक लागत नाही. फार दमलोय. पोरीचं तोंड एकदा बघू दे, मग काय व्हायचं ते होवो.

१६ मार्च
मनकर्णा आली— सव्वा महिना झाला की. खांद्याशी पोर. जावळ काळंभोर. लिंबाजीला विचारतेय, आमचे हे कुठं गेले—
मी इथं. हातभर अंतरावर.
स्क्रीनवर: बन्सीधर दमला. मग कोण?
लिंबाजी पोरीच्या गालाला हात लावून विचारायलाय— बारशात नाव काय ठेवलं—
मने, नको. इथं नाव घेऊ नको. बाहेर जा— मने—
हसली. सांगायलीय. हिचं नाव आमी ठेवलंय