साडेसातचा रस

४ मार्च

बाबा आज दुसऱ्या मजल्यावरच थांबले. आम्ही तिसऱ्यावर राहतो! कठडा धरून मला म्हणतात, "तू हो पुढे, मी जरा खिडकीतून बघतो." जिन्यातल्या त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. चाळीस वर्षं टपाल वाटत लोकांचे जिने चढलेला माणूस!

"मांड्या भरून येतात गं." म्हातारपण म्हणे. मला नाही पटत.

५ मार्च

रस वाढवला. अर्धा पेला होता, आता पूर्ण. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसासारखंच फळ, कडूजहर, पण त्यानं कोलेस्टेरॉल उतरतं असं मासिकात छापलंय. रात्री डॉक्टरीणबाईंची गोळी, सकाळी माझा रस. दोन्हीकडून कोंडीत पकडायचं! पेला रिकामा होईपर्यंत मी समोरून हलत नाही. बाबांचा काय भरवसा, कुंडीत ओततील. साडेसात ते सात चाळीस. मग धावत प्रेस.

९ मार्च

दादाचा फोन. "वय झालंय त्यांचं. तू उगाच जिवाला लावून घेतेस." लांबून बोलायला काय जातं! फोन कानाला लावून घरभर येरझाऱ्या घातल्या. बाबा म्हणाले, "बस की जरा." कशी बसू? खुर्चीतून उठताना आता त्यांना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. बसवतच नाही मला.

१२ मार्च

प्रेसमध्ये घडीचं यंत्र अडकलं. औषधाच्या खोक्यात असतात ना ती माहितीपत्रकं — घड्या घालून काडेपेटीएवढी करायची. अकरा वर्षं हेच काम. अडकलेला कागद ओढला, फाटला. गोळीचं नाव ओळखीचं — बाबांची गोळी! आम्ही घडी बघतो, शाई बघतो, वाचतो कोण? आज वाचलं. "या औषधासोबत ग्रेपफ्रूट किंवा त्याचा रस घेऊ नये." औषध रक्तात वाढतं. स्नायू दुखल्यास, अशक्तपणा आल्यास, लघवी गडद झाल्यास तातडीनं डॉक्टरांकडे जा.

काखेत कळसा नि गावाला वळसा! यंत्र तसंच सोडून घरी पळाले. लघवीचं विचारलं. लाज वाटायलाही वेळ नव्हता.

"कोऱ्या चहासारखी," बाबा म्हणाले. "म्हटलं उन्हाचं असेल."

तडक हॉस्पिटल. गोळी बंद, सलाईन चालू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोलेस्टेरॉलच्या सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं. पण हिचं आणि त्या रसाचं जमत नाही." स्नायू झिजून त्याचा मारा मूत्रपिंडांवर झालाय का, ते रक्तातून कळेल.

मी पाजला. रोज, समोर बसून, मीच!

१३ मार्च

रिपोर्ट नाही. व्हरांड्यात जाताना एकवीस फरशा, येताना बावीस. पुन्हा मोजल्या. नर्स म्हणाली, "ताई, तुम्हीच आधी झिजाल."

१४ मार्च

दादाला फोन केला. सगळं खरं सांगितलं. "पैसे पाठवू का," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१५ मार्च

मूत्रपिंडं शाबूत! पायांत ताकद येईल, पण वेळ लागेल. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

मग डॉक्टरीणबाई फाइल चाळत म्हणाल्या, "मी तर गोळी सुरू करतानाच यांना बजावलं होतं. ग्रेपफ्रूट नको म्हणून. इथे लिहिलंय बघा."

मी बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते.

१६ मार्च

घरी आलो. जिना चढायला पंचवीस मिनिटं लागली. दार लावलं आणि ओरडलेच, "माहीत होतं तर प्यायलात कशाला?"

"एका पेल्यानं काय होतंय, असं वाटलं." मग चपला नीट लावत बसले. मान वर न करताच म्हणाले, "आणि तेवढीच दहा मिनिटं तू माझ्यासमोर बसायचीस गं."