टाकीतले मामंजी

श्रुतिका,

"आई, त्याची वाळू सारखी करू नको गं, घर बांधतोय तो." माशाच्या टाकीपुढे उभी राहिले की सुयोगचा आवाज अजून ऐकू येतो.

मी भावाकडे कणकवलीला जातेय, आठवड्याने येईन. माशासाठी कोळंबीचे बारीक तुकडे फ्रीजमध्ये आहेत. टाकीतलं खारं पाणी उतरलं तर गोडं पाणीच घाल, परवासारखं मिठाचं नको. पाणी उडून जातं गं, मीठ तिथंच राहतं. झाकण नीट लाव, मासा उडी मारतो.

सुयोगने त्याला आजोबांचं नाव ठेवलं, कारण तेही दिवसभर अंगणातले दगड इकडचे तिकडे करायचे. सासऱ्यांचं नाव मी कसं घेऊ? म्हणून माशालाही मामंजी म्हणायचे, तर तू किती हसायचीस!

तिन्हीसांजेला तो तोंडाने दगड ओढतो, बिळाचं दार लावून घेतो. दगड काचेला लागून टक् वाजतं, आणि मला वाटतं, सुयोग आला, दारात बूट काढतोय. दोनदा तर मी त्याचा चहाही ठेवला.

वर्ष झालं, तरी तू म्हणतेस, "त्या सकाळी मी नवऱ्याशी भांडले नसते तर त्याचं हृदय बंद पडलं नसतं." समोर बसून सांगायला धीर होत नाही, म्हणून लिहितेय. पोरी, छातीत दुखतंय असं तो आदल्या संध्याकाळीच मला म्हणाला होता. मी त्याला ओवा चावायला दिला, आणि तुला काहीच सांगितलं नाही.